सागवानी डायनिंग टेबलला लॅकर: आत्ता पावसात मारावं की दिवाळीपर्यंत थांबावं?

केतकी_ठाणे | ८ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सासरचं जुनं सागवानी डायनिंग टेबल आणि सहा खुर्च्या गावाहून ठाण्याला आणल्यात. लाकूड खणखणीत आहे, सांधे घट्ट आहेत, पण पॉलिशची पार रया गेलीय. टेबलावर पेल्यांच्या बुडांची पांढरी वर्तुळं आणि खुर्च्यांच्या हातांवर काळपट चिकट थर. दोन पॉलिशवाल्यांना विचारलं. एक म्हणतो लॅकर मारू, दुसरा मेलामाइनशिवाय बोलायला तयार नाही. दुकानदार म्हणतो पीयू (पॉलियुरेथेन) घ्या, आयुष्यभर बघायला नको.

त्यात शेजाऱ्यांनी गेल्या आठवड्यात कपाटाला लॅकर मारून घेतलं, ते दुसऱ्या दिवशी ताक सांडल्यासारखं पांढरट झालं. पॉलिशवाला आता फोन उचलत नाही.

तिन्हींतलं कुठलं घ्यावं? निदान खुर्च्या तरी मी स्वतः बाल्कनीत ब्रशने करू शकेन का? आणि आत्ता करू की थांबू?

---

पटाशी | ८ जुलै, रात्री १०:२५

नवीन काय मारायचं ते नंतर. आत्ता लाकडावर काय आहे ते आधी बघा.

टेबलाच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. बोळा चिकटला आणि तपकिरी झाला तर ते लाख पॉलिश, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेला चपडा (लाखेच्या पातळ चकत्या). स्पिरिटने ढिम्म हललं नाही तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या थिनरचा बोळा लावा. पृष्ठभाग मऊ पडला तर एनसी लॅकर. त्यालाही दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू समजा.

तुमच्या वर्णनावरून ते लाख पॉलिशच असणार. ओला पेला ठेवला की पांढरं वर्तुळ उमटणं ही त्याची खूण. लाख ७५ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे चुलीवरून उतरवलेलं पातेलं थेट ठेवलं की त्याचा ठसा उमटलाच म्हणायचा. सॅनिटायझरमध्येही अल्कोहोल असतं, तेही लाखेला खातं.

आता फरक. दुकानात नुसतं ‘लॅकर’ मागितलं की बहुतेक वेळा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, हातात येतं. ते फक्त थिनर उडून सुकतं, आत कसली रासायनिक क्रिया होत नाही. म्हणून लॅकरचा वरचा हात, म्हणजे थर, खालच्या हातात विरघळून एकजीव होतो. पुढे ओरखडा आला तर तेवढ्याच जागी दुरुस्ती करता येते आणि जोड दिसत नाही. हाच गुण उलटा फिरतो तो असा, की नेलपॉलिश रिमूव्हर सांडलं की सुकलेलं लॅकरही पुन्हा विरघळतं.

मेलामाइनमध्ये हार्डनर घालावा लागतो, तो आम्लाच्या जोरावर थर घट्ट करतो. एनसीपेक्षा कडक, पाण्याला बरं, पण बरेच दिवस फॉर्मल्डिहाइडचा डोळ्यांना झोंबणारा वास. पीयूही दोन डब्यांचं, हार्डनर वेगळा. पाणी, तेल, हळद सगळ्यांना तिघांत सगळ्यात जास्त पुरून उरतं, मात्र एकदा बिघडलं की तुकड्यापुरतं नीट करणं अवघड. बहुधा पूर्ण फळा घासावा लागतो.

माझं मत: खुर्च्यांना एनसी, टेबलाच्या वरच्या फळ्याला पीयू. मराठी घरातल्या जेवणाच्या टेबलावर कुकर, आमटी आणि कोकमाचं सार येणार आहे, तिथे एनसीचा आग्रह धरू नका.

---

अण्णा_तळकोकण | ९ जुलै, सकाळी ७:१०

केतकीताई, शेजाऱ्यांचं कपाट पावसानं पांढरं केलं. आमच्याकडे जून लागला की लॅकरचा डबा माळ्यावर जातो, तो दसऱ्याशिवाय खाली येत नाही.

असं का होतं ते सांगतो. थिनर भराभर उडतो तेव्हा ओला थर गार पडतो. हवा आधीच पाण्याने भरलेली असते, मग त्या गार थरावर ओल धरते आणि थरात अडकते. तोच तो पांढरा धूर. याला ब्लशिंग म्हणतात. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे गनला हातच लावू नका. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ते घेऊन ठेवा. नुसतं आभाळ बघून कळत नाही, पाऊस थांबलेल्या दुपारीही भिंती घामेजलेल्या असतात.

---

घाटमाथा | ९ जुलै, सकाळी ११:०२

अण्णा, इतकं काही नाही. मुंबईत फर्निचरची कामं बाराही महिने चालतात. थिनरमध्ये रिटार्डर घालतात आणि जुलैतही लॅकर मारतात. पॉलिशवाल्याने चार महिने काय उपाशी बसायचं?

---

पटाशी | ९ जुलै, सकाळी ११:४०

रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारा थिनर. तो घातला की थर हळू सुकतो, कमी गार पडतो आणि अडकलेली ओल बाहेर पडायला वेळ मिळतो. उपाय खरा आहे. पण त्याचेही भोग आहेत. थर जास्त वेळ ओला म्हणजे त्यावर बसणारी धूळ जास्त. उभ्या फळ्यावर ओघळ जास्त. आणि हात ढिला सोडला तर थर आतून मऊच राहतो, वरून सुकल्यासारखा दिसतो, आणि दोन दिवसांनी गोधडी टाकून टेम्पोत घातलं की गोधडीचं कापड त्यावर उमटतं. बंद, कोरड्या वर्कशॉपमध्ये बसून काम करणाऱ्याला ते जमतं. ग्राहकाच्या हॉलमध्ये खिडक्या उघड्या टाकून जुलैत गन चालवणाऱ्याला रिटार्डर वाचवत नाही.

---

संत्रानगरी | ९ जुलै, दुपारी १:१५

आमच्या नागपुरात उलटं दुखणं आहे भाऊ. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा लॅकर गनमधून निघून लाकडावर पोचेपर्यंत हवेतच सुकते. फळ्यावर हात फिरवला तर नुसतं खरखरीत. त्याला ड्राय स्प्रे म्हणतात, अन् कधी बारीक टाचणीएवढी छिद्रं पडतात. तिथेही हळू सुकणारा थिनरच कामी येतो, फक्त कारण वेगळं. काम सकाळी लवकर उरकायचं, अन् लाकूड उन्हात तापलेलं नको.

---

थिनरवाला | ९ जुलै, दुपारी ३:३०

माझं हार्डवेअर अन् रंगाचं दुकान आहे, म्हणून थिनरवर थोडं.

थिनर थिनरमध्ये फरक असतो. एनसीला एनसीचा, पीयूला पीयूचा. लोक पीयूसाठी उरलेला एनसी थिनर वापरतात, का तर वास सारखाच येतो. एनसी थिनरमध्ये सहसा अल्कोहोल असतं. पीयूच्या हार्डनरमधले आयसोसायनेट त्या अल्कोहोलशीच क्रिया करत बसतात आणि रेझिन घट्ट करायला उरत नाहीत. मग ‘साहेब, तुमचं पीयू चार दिवस झाले तरी चिकट आहे’ म्हणून माझ्याकडेच येतात.

दुसरं, सुट्टा, बिननावाच्या कॅनमधला स्वस्त थिनर गन धुवायला ठेवा. त्यात पाण्याचा अंश असला की ब्लशिंगला आमंत्रण. ज्या कंपनीचं लॅकर त्याच कंपनीचा थिनर, हा नियम आम्ही खपासाठी सांगतो असं गिऱ्हाइकाला वाटतं. वाटू दे. टर्पेंटाइन आणि रॉकेल एनसीत चालत नाही, लॅकर फाटतं.

प्रमाण डब्यावर असतं. मुरलेले कारागीर फोर्ड कप बी-४ (खाली भोक असलेला मोजकप) लावून लॅकरचा पातळपणा मोजतात. भरलेला कप खालच्या भोकातून रिकामा व्हायला साधारण २० सेकंद लागले की गनसाठी ठीक. कप नसेल तर काडीने ढवळून धार बघतात, पण ते डोळा बसलेल्यानेच करावं.

---

केतकी_ठाणे | ९ जुलै, रात्री ८:५५

बोळ्याची परीक्षा घेतली. स्पिरिटला लगेच चिकटला, तपकिरी. म्हणजे लाख. मग त्यावरूनच पीयू मारून चालेल ना? घासत बसायचं जिवावर आलंय.

---

पटाशी | ९ जुलै, रात्री ९:३०

नाही चालणार. साध्या चपड्यात लाखेचं मेण असतं आणि त्यावर पीयू धड पकड घेत नाही. आज चकचकीत दिसेल, पुढे कडांपासून पापुद्रे सुटतील. शिवाय तुमच्या खुर्च्यांच्या हातांवर वर्षानुवर्षांचा घाम, तेल आणि मळ आहे.

पण लाखेचं एक बरं असतं. काढायला सोपी. स्पिरिट लावा, मऊ पडू द्या, सपाट पट्टीने खरवडा, मग स्पिरिटच्या चिंध्यांनी पुसून घ्या. खाचांत आणि कोरीवकामात दात घासायचा जुना ब्रश. स्टील वूल वापरू नका. लोखंडाचे कण सागाच्या भेगांत अडकले आणि नंतर पाणी लागलं की काळे ठिपके दिसतात. नायलॉनचा स्क्रबर घ्या.

मग पॉलिश पेपर: १२० नंबरचा, १८० चा, शेवटी २२० चा. नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा मारलेला एकही ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही, लॅकर पडलं की दुरून दिसतो. यांत्रिक सँडर असेल तर वापरा, पण टेबल जर विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेलं निघालं तर कडांना जपून. पातळ विनियर दोन फेऱ्यांत आरपार जातं.

सागाला स्वतःचं तेल असतं. पहिला हात मारायच्या थोडं आधी फळा थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या, तेल वर राहिलं की थर नीट धरत नाही.

लांबी (भेगा बुजवायचं पुट्टीसारखं मिश्रण) भरायची तर रंग लाकडाशी जुळवून. पूर्वी खडूची पूड, पिवळी माती आणि गेरू लाखेत कालवून भरायचे, अजूनही कुणी कुणी करतात. तयार डबेही मिळतात. भेग बुजवताना फळ्यावर सगळीकडे फासू नका, नाहीतर सगळं लाकूड मळकट दिसतं.

---

घाटमाथा | ९ जुलै, रात्री १०:०५

सँडिंग सीलरबद्दल, म्हणजे लॅकरच्या आधी लाकडाची छिद्रं भरायला मारतात त्या थराबद्दल, कुणी बोललंच नाही. पॉलिशवाले पैसे वाचवतात ते तिथेच. सीलर स्वस्त, भराव चांगला, दोनच हातांत फळा गुळगुळीत. मग पाच-सहा हात सीलरचेच ओढायचे आणि वर एक हात लॅकर मारून गिऱ्हाइकाला चकाकी दाखवायची.

सीलरमध्ये झिंक स्टिअरेट असतं, त्यामुळे तो पेपरखाली पावडरीसारखा सहज घासला जातो. पण त्यामुळेच तो मऊ असतो. जाड थर राहिला की रेषा धुरकट दिसतात आणि वरचं लॅकर धक्क्याने तडकतं. दोन हात मारायचे आणि ३२० ने घासून बराचसा काढून टाकायचा. तो लाकडाच्या छिद्रांत राहायला हवा, वर नाही. पीयूखाली मात्र एनसीचा सीलर नको, पीयूचाच घ्या.

---

केतकी_ठाणे | १० जुलै, सकाळी ९:२०

कळलं. आता बाल्कनीचं सांगा. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावरची आठ बाय चारची बाल्कनी आहे. लागूनच स्वयंपाकघर.

---

थिनरवाला | १० जुलै, सकाळी १०:४५

तिथे गन चालवायची नाही. ब्रशसुद्धा शक्यतो नको.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते. स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असेल, फ्रिजचं बटण आपोआप चालू-बंद होत असेल, कुणी दिव्याचं बटण दाबलं, एवढी ठिणगी पुरते. गनमधून उडालेली लॅकरची पूड कोपऱ्यात साचते तीही सहज पेटते, मूळ नायट्रोसेल्युलोज हा पदार्थच तसला आहे. वर-खालच्या घरांत लहान मुलं, म्हातारी माणसं असतील त्यांचा विचार वेगळाच.

पीयूची गन तर घरात अजिबात नाही. आयसोसायनेटचे तुषार छातीत गेले की दम्यासारखा त्रास जडू शकतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा संपर्कानेही उफाळतो. करोनातले उरलेले मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाहीत. सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज असलेला रबरी रेस्पिरेटर लागतो, तोही दाढी असली तर नीट बसत नाही.

खरवडकाम आणि पेपर घरी मारा, मजुरीचा मोठा भाग त्यातच असतो. फक्त स्पिरिट लावतानाही गॅस बंद, खिडक्या उघड्या, हातमोजे घाला. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते कातडीतूनही शरीरात जातं. वापरलेल्या चिंध्या मोकळ्या हवेत सुटसुटीत वाळवा, मगच टाका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या असतील तर जास्तच जपा, त्या बोळा करून ठेवल्या की आपोआप तापून पेटतात.

---

मेपल_मिनेसोटा | १० जुलै, रात्री ११:५०

इथे गराजमध्ये मी पाण्यावरचं लॅकर वापरतो. वास कमी, आगीची भीती जवळजवळ नाही, हत्यारं पाण्याने धुता येतात. पण पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, ते ३२० ने बसवावे लागतात. आणि सागावर ते थोडं थंड, निळसर दिसतं. एनसीचा मधासारखा उबदार रंग येत नाही. मी आधी मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात देतो, त्यावर पाण्याचं. मेण काढलेला असल्याने तो पकड सोडत नाही. भारतातही आता पाण्यावरची वुड फिनिशं मिळतात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी विचार करावा. फक्त दमट हवेत सुकायला तीही रडवतात.

---

रंगारी_भोर | ११ जुलै, सकाळी ८:००

बरेच दिवस वाचतोय, लिहीत नाही. पण गनचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. मी हेच काम करतो.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढा, पावसाळ्यात दुपारीही. पाइपला पाणी अडवणारा फिल्टर लावा. हवेत पाणी असेल तर रिटार्डरचा बापही काही करू शकत नाही. गनच्या आसपास सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, बिजागऱ्यांना तेल द्यायचं ते सगळं झाल्यावर. सिलिकॉन लागलेल्या जागी लॅकर फाकून गोल डोळे पडतात आणि ते कितीही हात मारून बुजत नाहीत.

नोझल दीड मिलिमीटरच्या आसपास. गन फळ्यापासून सहा ते आठ इंच, आणि हात मनगटातून नाही, खांद्यातून सरळ न्यायचा. मनगट वळलं की मधे जाड, कडेला पातळ. ट्रिगर फळ्याच्या कडेबाहेर दाबायचा आणि कडेबाहेरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. लॅकर फार जाड किंवा हवेचा दाब कमी असेल तर संत्र्याच्या सालीसारखं उठतं, फार पातळ असेल तर ओघळतं.

खुर्ची आधी उलटी. पायांची आतली बाजू, आडव्या पट्ट्या, मग सुलटी करून पाठ, हात आणि सगळ्यात शेवटी बैठक. ज्या बाजूवर नजर पडते ती शेवटी मारायची.

एनसीचे तीन-चार पातळ हात. कोरड्या हवेत दोन हातांत अर्धा ते एक तास. मधे ४०० चा पेपर हलका. शेवटचा हात झाला की रात्रभर सोडा, जमलं तर दोन-तीन दिवस, मग वॉटर पेपर ६०० आणि पुढे. लोक घाई करतात ती इथे. वरून सुकलेलं असतं, आत थिनर असतो, घासलं की नंतर थर आक्रसतो आणि लाकडाच्या रेषा पुन्हा वर दिसतात.

ब्रशने एनसी मारता येतं, पण दुसऱ्यांदा त्याच जागेवरून ब्रश फिरवला की खालचं विरघळून ओढलं जातं. एक झटका मारून पुढे जायचं. लहान काम असेल तर मलमलचा बोळा बरा.

---

केतकी_ठाणे | ११ जुलै, सकाळी १०:१५

रंगारीदादा, खूप आभार. शेजारीण विचारते आहे, कपाटाचं काय करायचं? सगळं खरवडावं लागेल?

---

रंगारी_भोर | ११ जुलै, दुपारी २:३०

नाही, इतक्यात नको. लॅकर एनसीच असेल तर बऱ्याचदा बरं होतं. सलग कोरडी हवा मिळाली की त्यावर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी बारीक तुषार मारायचा. ओलं होईल इतका नाही, नुसतं धुक्याएवढं. वरचा थर पुन्हा सैल होतो, अडकलेली ओल निघून जाते, पांढरेपणा डोळ्यादेखत जातो. दोनदा करून गेला नाही तर ओल खालच्या हातांत आहे, मग घासण्याशिवाय इलाज नाही. मेलामाइन किंवा पीयू असेल तर हा उपाय लागू नाही, ते पुन्हा विरघळत नाही.

पॉलिशवाल्याचा फोन आणखी लावून बघा. पाऊस ओसरल्यावर उचलेल.

---

अण्णा_तळकोकण | ११ जुलै, संध्याकाळी ६:४०

विषयाला धरून, थोडं सोडून. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी, पाट, पाळणे, गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) करतात. जुनं काम लाखेचं. लेथवर लाकूड फिरत असतं, रंगवलेल्या लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढते. थिनर नाही, गन नाही, डबा नाही. कर्नाटकात चन्नपट्टणला हेच तंत्र आहे. तिथे शेवटी केवड्याचं पान फिरत्या खेळण्यावर दाबून चकाकी काढतात. गोव्यात कुंकळ्ळीच्या चितारींकडेही लाखकामाची परंपरा आहे.

हे सांगायचं कारण, बाळाच्या पाळण्याला किंवा तोंडात जाणाऱ्या खेळण्याला ताजं एनसी किंवा मेलामाइन कुणी मारू नये. तिथे शुद्ध लाख बरी. लाख खाण्याच्या गोळ्यांवर आणि मिठाईवरही चढवतात. फक्त खेळण्यांत रंग कुठला वापरलाय तेवढं विचारायचं.

---

संत्रानगरी | ११ जुलै, रात्री ८:१०

अण्णा, मग ताईंनी टेबलावर परत लाखच मारली तर? लाख काढली, लाख मारली. सोपं.

---

पटाशी | ११ जुलै, रात्री ८:४५

खुर्च्यांवर का नाही? खरं तर मी माझा सल्ला थोडा बदलतो. ताईंना स्वतः काम करायचं आहे आणि गन चालवायला जागा नाही, तर खुर्च्यांना लाखच मारावी. नवा चपडा घ्या, एक लिटर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम, रात्रभर विरघळू द्या, मलमलने गाळा. मलमलच्या आत कापूस घालून बोळा करा, त्यावर तेलाचा एखादा थेंब, आणि पातळ पातळ हात रेषांच्या दिशेने. लागेल तेवढंच बनवा. जुनं द्रावण सुकत नाही, चिकट राहतं. काचेवर थेंब टाकून बघायचा, सुकून कडक झाला नाही तर फेकून द्या.

लाखही ओल धरते, तेव्हा पावसाळ्यात तीही नको. पण ऑक्टोबरात शनिवार-रविवार धरून सहा खुर्च्या सहज होतील. दर पाच-सात वर्षांनी हात फिरवावा लागेल. जोड दिसत नाही, वास दोन दिवसांत जातो.

---

घाटमाथा | ११ जुलै, रात्री ९:२०

हे पटलं. आणि फळा पीयूला द्या, पण काम ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या: सामानासकट की बिगर सामान, कुठल्या कंपनीचं, किती हात, आणि चकचकीत की मॅट. ‘हार्डनर किती घालणार’ हेही विचारा. काही जण लवकर सुकावं म्हणून अंदाजाने जास्त ओततात आणि थर ठिसूळ होतो. डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा.

---

केतकी_ठाणे | १२ जुलै, सकाळी ८:३५

ठरलं मग. पावसाळाभर फावल्या वेळात स्पिरिट आणि पेपर. खुर्च्या लाखेने मी करेन. फळा सोडवून दिवाळीनंतर वर्कशॉपला. एक शेवटचं: पीयू झाल्यावर टेबल कधीपासून वापरायचं? दिवाळीचा पाहुणा तुळशीच्या लग्नापर्यंत हलत नाही आमच्याकडे.

---

रंगारी_भोर | १२ जुलै, दुपारी १२:१०

दुसऱ्या दिवशी हात लावता येतो, जपून हलवता येतं. पूर्ण घट्ट व्हायला आठवडा धरा. तोवर गरम भांडं, ओलं फडकं आणि प्लास्टिकचा टेबलक्लॉथ तिघांनाही लांब ठेवा. प्लास्टिक ताज्या थराला चिकटतं. पाहुणे पाटावर बसवा.